इग्वाना मादी अंडी घालणार असेल तर काय आधी करायचं आणि काय नंतर: पेटीपासून रिकव्हरीपर्यंत

"आमच्याकडे नरच नाहीये, मग अंडी कशी येतील?" या एका वाक्यावर बऱ्याच इग्वाना माद्या संकटात सापडतात. कोंबडीला कोंबडा लागत नाही तसं इग्वानाला पण नर लागत नाही, अंडी धरली जातातच. ती फलित नसतात आणि त्यातून पिल्लं निघत नाहीत एवढाच फरक, बाकी शरीरातलं कॅल्शियम तेवढंच खर्च होतं, पोट तेवढंच भरतं आणि अंडी अडकली तर धोकाही तेवढाच.

दुसरा घोळ होतो तो क्रमाचा. मादी कोपरे खरवडायला लागते, मग मालक अंडी घालायची पेटी शोधायला निघतो, मग माती, मग व्हेटचा, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरचा नंबर. हे सगळं उलटं आहे. मादीला मनासारखी जागा मिळाली नाही तर ती अंडी पोटात धरून ठेवते, आणि फार दिवस धरून ठेवली की नंतर जागा दिली तरी ती बाहेर येतीलच असं नाही. म्हणून खाली दिलेला क्रम शक्यतो बदलू नका. हे सगळं हिरव्या इग्वानाबद्दल आहे, दुसऱ्या जातींची मापं आणि तापमानं वेगळी असतात.

टप्पा १: ती मादीच आहे ना, आणि पोटात अंडीच आहेत ना

मांड्यांच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रांची एक ओळ असते. वयात आलेल्या नराची ही छिद्रं मोठी, ठसठशीत, बाहेर आलेली दिसतात, मादीची बारीक ठिपक्यांसारखी राहतात. नराचं डोकं आणि गालाजवळचे स्नायूही जास्त भरलेले असतात. लहान वयात नर-मादी ओळखणं अवघडच असतं त्यामुळे "विकणाऱ्याने नर सांगितला होता" यावर विसंबू नका.

साधारण २ ते ४ वर्षांच्या वयात मादी पहिल्यांदा अंडी धरू शकते. चांगलं खाऊन लवकर वाढलेली असेल तर आधीही. त्यानंतर बहुतेक माद्या वर्षातून एकदा, आणि दर वर्षी साधारण त्याच दिवसांत अंडी घालतात.

लक्षणं काय दिसतात? पोट दोन्ही बाजूंनी फुगतं, पण त्याच वेळी शेपटीच्या मुळाशी आणि कंबरेच्या हाडांजवळ मांस उतरलेलं दिसतं. जाड झालेल्या इग्वानाचं असं होत नाही, तिची चरबी शेपटीच्या मुळाशी आणि जबड्याखाली पण साठते. दिवस भरत आले की पोटाच्या कडेला कातडीखालून गोट्या भरलेल्या पिशवीसारखे उंचवटे दिसायला लागतात. सुरुवातीला भूक वाढलेली असू शकते, नंतर हळूहळू कमी होते. ती अस्वस्थ असते, फेऱ्या मारते, काचेवर नाक घासते, कोपऱ्यात पुढच्या पायांनी उकरते. एरवी शांत असणारी मादी या दिवसांत हात लावू देत नाही, शेपटी मारते, तर ते मनावर घेऊ नका.

⚠ पोट दाबून अंडी मोजायचा प्रयत्न करू नका. व्हेटच्या सरावलेल्या बोटांची गोष्ट वेगळी. घरी दाबताना अंडं आत फुटलं तर बलक पोटाच्या पोकळीत पसरून जीवघेणं इन्फेक्शन होऊ शकतं.

खात्री करायची तर एक्स-रे. त्यात कवच धरलेली अंडी दिसतात. कवच धरायच्या आधीची अवस्था असेल तर सोनोग्राफीत जास्त नीट कळतं. हे महत्त्वाचं एवढ्यासाठी की कधीकधी अंडाशयातली फॉलिकल्स, म्हणजे ज्यांची पुढे अंडी होतात त्या पिशव्या, मोठ्या होतात आणि तिथेच थांबतात, पुढे अंडी होतच नाहीत आणि त्या परत लहानही होत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच, पोट मोठं आणि खाणं बंद. पण या दुसऱ्या केसमध्ये कितीही सुंदर पेटी ठेवा, घालायला अंडीच नाहीयेत, शेवटी ऑपरेशनच लागतं.

टप्पा २: व्हेट आधी, पेटी नंतर

सरपटणारे प्राणी बघणारे व्हेट कमीच असतात, आणि रात्री दहा वाजता मादी निपचित पडली असताना ते शोधणं म्हणजे फक्त नशिबाची परीक्षा. आत्ताच फोन करा आणि सरळ विचारा: इग्वानाचं अंडाशय काढायचं किंवा अडकलेली अंडी काढायचं ऑपरेशन तुम्ही केलंय का? बेशुद्ध करायला सरपटणाऱ्यांसाठी काय व्यवस्था आहे? सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री कोणाला फोन करायचा? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरा व्हेट बघा, अजून वेळ आहे.

पहिल्या भेटीत या गोष्टी करून घ्या: वजन, एक्स-रे आणि जमलं तर रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि युरिक अ‍ॅसिड. एक्स-रेत अंडी मोजता आली तर आकडा लिहून ठेवा, नंतर घातलेली अंडी आणि हा आकडा जुळवून बघायचा आहे. एका खेपेला २० ते ७० पर्यंत अंडी असू शकतात त्यामुळे मोजणीत एखाददुसरं इकडेतिकडे होतं, पण एक्स-रेत चाळीस दिसली आणि बाहेर पंचवीसच आली तर ते लगेच लक्षात येतं.

टप्पा ३: ऊन, ऊब, पाणी, कॅल्शियम

अंडी अडकण्याची कारणं शोधायला गेलं तर बऱ्याचदा गाडी इथेच येऊन थांबते. अंडी बाहेर ढकलायला स्नायू आकुंचन पावावे लागतात, त्याला कॅल्शियम लागतं, कॅल्शियम शरीरात शोषलं जायला व्हिटॅमिन डी ३ लागतं, आणि डी ३ बनायला यूव्हीबी (उन्हातले अतिनील बी किरण) आणि अंगात पुरेशी ऊब लागते. यातली एक कडी तुटली की पुढचं सगळं अडतं.

यूव्हीबी: बल्ब पेटतोय म्हणजे यूव्हीबी मिळतंय असं नाही. ट्यूबमधलं यूव्हीबी वापराने कमी होत जातं आणि डोळ्यांना दिसणारा उजेड तसाच राहतो, त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, म्हणजे साधारण ६ ते १२ महिन्यांत, बदलायलाच लागतो. मध्ये काच किंवा प्लास्टिकचा पत्रा असेल तर यूव्हीबी जवळजवळ सगळं अडतं. खिडकीच्या बंद काचेतून येणारं ऊन हे ऊबेसाठी ठीक, यूव्हीबीसाठी शून्य. थेट ऊन देणार असाल तर सावलीचा कोपरा हवाच, आणि काचेच्या टाकीत ठेवून उन्हात कधीच नको, काही मिनिटांत आत भट्टी होते.

तापमान: बास्किंगच्या, म्हणजे ती दिव्याखाली अंग शेकत बसते त्या जागी ३५ ते ३८ अंश, थंड बाजूला २६-२७ च्या आसपास, रात्री २३-२४ च्या खाली नको. मोजायचं ते ती जिथे बसते तिथे, पिंजऱ्याच्या वरच्या जाळीला लटकवलेल्या थर्मामीटरवर नाही.

खाणं: कॅल्शियम जास्त आणि फॉस्फरस कमी असलेली हिरवी पानं, मोहरीची पानं, सलगमची पानं, जास्वंदीची पानं-फुलं, सोबत किसलेला लाल भोपळा. पालक रोजचा नको कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर चिमूटभर रोज पानांवर. डी ३ असलेली पावडर मात्र रोज भुरभुरू नका, डी ३ जास्त झालं तर त्याचंही नुकसान होतं, ते किती द्यायचं ते व्हेटला विचारा. आणि "अंडी आहेत ना पोटात, प्रोटीन लागेल" म्हणून उकडलेलं अंडं, चिकन, मांजराचं खाणं सुरू करणारे लोक असतात. इग्वाना शाकाहारी आहे. प्राणिज प्रोटीनचा भार तिच्या किडनीवर येतो, आणि या दिवसांत किडनीवर आधीच ताण असतो.

पाणी: पानं धुऊन ओलीच द्या, पिंजऱ्यात पाणी शिंपडा, आणि रोज किंवा एक दिवसाआड कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बसवा, पाणी खांद्यापर्यंतच. कोमट म्हणजे ३० अंशांच्या आसपास, हाताला गरम लागलं तर ते जास्त झालं. बऱ्याच जणी पाण्यातच शी करतात, ते बघायला पण सोपं जातं. टब किंवा बादली वेगळीच ठेवा, स्वयंपाकघराचं सिंक नको, आणि नंतर हात साबणाने धुवा. इग्वानाच्या शीमध्ये साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, घरात लहान मूल असेल तर हे अजूनच काटेकोर.

याच टप्प्यात अजून दोन गोष्टी उरकून घ्या. उंच फांद्या आणि फळ्या खाली आणा, कारण पोट जड झालं की तोल जातो आणि वरून पडून आत अंडी फुटतात. नर सोबत असेल तर त्याला वेगळ्या पिंजऱ्यात हलवा, तो तिला सुखाने बसू देणार नाही. नखं मात्र कापू नका, आता ती उकरायलाच लागणार आहेत.

चेक: पुढे जायच्या आधी ती पायांवर उभी राहून पोट जमिनीवरून उचलून चालतेय का? बोटं किंवा जबडा थरथरत नाहीये ना? जबडा हाताला मऊ लागत नाहीये ना? यातलं काही दिसलं तर कॅल्शियम आधीच कमी आहे. पेटी बाजूला ठेवा, आधी व्हेट.

टप्पा ४: अंडी घालायची पेटी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा सविस्तर. ही पेटी पोट फुगलेलं दिसल्यावर लगेच बनवायची, खरवडणं सुरू व्हायची वाट बघायची नाही.

जंगलात मादी काय करते? ती ओलसर, उबदार जमिनीत तिरका बोगदा खणते, पूर्ण आत जाते, अंधारात वळते, अंडी घालते आणि तोंड बुजवून टाकते. म्हणजे तिला चार गोष्टी हव्यात: अंधार, आडोसा, वळायला जागा आणि न ढासळणारी माती. प्लास्टिकच्या उथळ ट्रेमध्ये दोन इंच वाळू, यातली एकही गोष्ट देत नाही.

माप. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत तिची लांबी मोजा, पेटीची लांबी त्याच्या निदान दुप्पट घ्या आणि रुंदी ती आत पूर्ण वळू शकेल एवढी. पूर्ण वाढलेल्या मादीला साधारण ९० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि ५०-६० सेंमी उंच पेटी लागते. मोठा झाकणाचा स्टोरेज बॉक्स चालतो, आडवा ठेवलेला मोठा कचऱ्याचा नवा ड्रम पण चालतो. पारदर्शक असेल तर बाहेरून काळा कागद किंवा जाड कापड गुंडाळा.

झाकण आणि दार. झाकण घट्ट बसणारं हवं, आणि एका टोकाला तिचं पोट आरामात जाईल एवढं भोक, साधारण २० सेंमी. भोक झाकणातच कापलं तर माती बाहेर कमी उडते. कापलेल्या कडा घासून गुळगुळीत करा किंवा वर टेप लावा, फुगलेलं पोट त्या कडेवरूनच घसरत जाणार आहे. मादी झाकण पाठीने उचलते, त्यामुळे वर वजन ठेवा किंवा क्लिप लावा.

माती. धुतलेली वाळू आणि खत नसलेली बागेची माती, अर्धी अर्धी. खताची, कीटकनाशक मारलेली किंवा पांढऱ्या दाण्यांचं परलाइट घातलेली तयार कुंडीची माती नको. नुसती कोरडी वाळू सरळ ढासळते, बोगदा उभाच राहत नाही. नुसती चिकणमाती सुकली की दगड होते. खोली निदान ३० सेंमी, जास्त देता आली तर अजून छान. वर थोडी मोकळी जागा सोडा.

ओलावा. पाणी घालून हाताने सगळीकडून मिसळा, वरून ओतून सोडून देऊ नका, त्याने खाली चिखल होतो आणि वरचा थर कोरडाच राहतो. मग ही टेस्ट: मूठभर माती दाबा, गोळा व्हायला हवा आणि बोटांमधून पाणी टपकायला नको. आता त्या गोळ्यात बोट खुपसून बाहेर काढा, भोक तसंच राहिलं तर माती जमली. भोक मिटलं तर एकतर माती कोरडी आहे किंवा वाळू जास्त झालीये.

ऊब. मातीच्या आत, १५-२० सेंमी खोल, २८ ते ३० अंश. थंड माती मादी नाकारते. हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) लावायची तर पेटीच्या बाहेरून, बाजूच्या भिंतीला आणि तापमान आटोक्यात ठेवणारा थर्मोस्टॅट लावूनच. तळाखाली अजिबात नको. ती खाली खणत जाते, आणि तळ गरम असेल तर पोट भाजतं आणि तिला कळायला पण वेळ लागतो. पेटीच्या आत उजेडाचा बल्ब पण नको, अंधार जातो. त्यापेक्षा पूर्ण खोलीच उबदार ठेवता आली तर काम सगळ्यात सोपं होतं.

सुरुवात करून द्या. दाराजवळ हाताने तिरका छोटा बोगदा करून ठेवा. हा आळशी उपाय वाटेल पण बऱ्याच माद्या आयता बोगदा बघून लगेच पुढे खणायला लागतात.

जागा. पिंजऱ्यात मावत असेल तर पिंजऱ्यात, नसेल तर वर्दळ नसलेल्या खोलीत, कुत्रा-मांजर आणि टीव्हीपासून लांब. पेटीत ठेवून तासाभराने काढून घ्यायची आणि संध्याकाळी परत ठेवायची असं केलं तर ती जागा आपली मानतच नाही. पेटी तिला कायम उपलब्ध हवी, आणि तिथून बास्किंगपर्यंत तिला स्वतःच्या पायांनी जाता यायला हवं.

चेक: पेटी भरून २४ तास झाल्यावर मातीत थर्मामीटर खुपसून बघा, आणि मुठीची टेस्ट परत करा. पहिल्या दिवशी बरोबर वाटलेली माती दुसऱ्या दिवशी हमखास कोरडी निघते.

टप्पा ५: वाट बघायचे दिवस

मीलन झालं असेल तर तिथून अंडी घालेपर्यंत साधारण दोन महिने जातात. नर नसेल तर मोजायला तारीख नसते, मग लक्षणांवरच चालायचं. शेवटचे २ ते ४ आठवडे खाणं खूप कमी होतं, काही जणी पूर्ण बंद करतात. पोटात अंड्यांनी एवढी जागा घेतलेली असते की अन्नाला जागाच उरत नाही.

इथे लोक दोन्हीकडे चुकतात. एक गट पहिल्याच दिवशी घाबरून तोंडात सिरिंजने भरवायला लागतो, त्याने मादीचा ताण वाढतो आणि अन्न श्वासनलिकेत जायची भीती वेगळीच. दुसरा गट "अंड्यांमध्ये खात नाहीत, नॉर्मल आहे" म्हणत आठवडेच्या आठवडे बघत बसतो. खाणं बंद आहे का हा प्रश्नच चुकीचा आहे. खाणं बंद असताना ती कशी आहे ते बघा. डोळे टक्क उघडे, मान वर, फिरतेय, उकरतेय, पाणी घेतेय, तर थांबायला हरकत नाही. खाणं बंद आणि त्यासोबत डोळे मिटून पडलेली, उचललं तरी विरोध नाही, उकरणं पण सोडून दिलंय, तर आजच व्हेटकडे.

रोज एका वहीत चार गोष्टी लिहा: खाल्लं का, पाणी किंवा अंघोळ, शी, आणि उकरलं का. वजन आठवड्यातून एकदा. उचलताना एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली, पोटावर भार नको, आणि विनाकारण उचलूच नका. जेवण थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा, बारीक कापून ठेवा, मोठा वाडगा बघून ती वळणारच नाही.

पेटी नाकारली तर? दोन-तीन दिवस आत जाऊन, थोडं खणून, परत बाहेर येणं हे नाकारणं नव्हे, ती जागा चाचपून बघतेय. पण ती पेटी सोडून पिंजऱ्याचा कोपरा किंवा सोफ्याची मागची बाजूच उकरत असेल तर काहीतरी पटत नाहीये. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि एक-दोन दिवस द्या: आधी ओलावा, मग मातीचं तापमान, मग पेटीची जागा. ती जो कोपरा उकरतेय तिथेच पेटी ठेवली की अर्धं काम होतं. दर दोन तासांनी झाकण उघडून बघणारा मालक हे पेटी नाकारायचं एक मोठं कारण असतं, तेही तपासून बघा.

⚠ कडक फरशीवर किंवा काचेवर सतत उकरलं की नखं झिजतात, बोटांतून रक्त येतं, नाकाचा शेंडा सोलवटतो. असं दिसलं तर अजून थांबण्यात अर्थ नाही, तिला खणायचंय आणि जागा मिळत नाहीये.

टप्पा ६: अंडी घालायचा दिवस

ती आत जाईल, माती भोकातून मागे उडवेल, खोली भरेल इतकी उडवेल, खाली जुनी चादर टाकून ठेवा. खणणं एका दिवसात आटोपेलच असं नाही. मग आवाज थांबतो. हीच वेळ असते मालकाचा हात झाकणाकडे जायची. जाऊ देऊ नका. मध्येच अडथळा आला तर ती थांबू शकते, आणि थांबलेली मादी परत सुरू होईल याची खात्री नाही.

एकदा सुरू झालं की बहुतेक माद्या काही तासांत मोकळ्या होतात. मग ती वळते आणि बोगदा बुजवायला लागते, माती पुढच्या पायांनी ओढते आणि नाकाने ठोकून ठोकून दाबते. बाहेर येते तेव्हा नाकावर, पापण्यांवर मातीचा थर बसलेला असतो, ती शिंकत असते, पोट रिकाम्या पिशवीसारखं लोंबत असतं आणि कंबरेची हाडं वर आलेली असतात. पहिल्यांदा बघणारा घाबरतोच, पण एवढं वाळणं अपेक्षित आहे.

आणि आता घाई करू नका. बुजवणं हा तिच्या दृष्टीने कामाचाच भाग आहे. ती बुजवत असतानाच अंडी काढून घेतली तर ती दिवसभर रिकामी पेटी उकरत बसते आणि उरलीसुरली ताकद घालवते. ती स्वतःहून बाहेर येऊन बास्किंगला बसली की मग अंडी काढा, पण माती परत भरून पेटी अजून दोन-तीन दिवस तिथेच ठेवा. काही जणी परत जाऊन बुजवतात, आणि एखाद-दुसरं मागे राहिलेलं अंडं असेल तर तेही तिथेच घालतात.

चेक: अंडी मोजा आणि टप्पा २ मधल्या आकड्याशी जुळवा. एक-दोन अंडी पिंजऱ्यात इकडेतिकडे पडलेली मिळाली आणि पेटी रिकामीच असेल तर ते शुभ लक्षण नाही, अंडी विखरून टाकणं म्हणजे बऱ्याचदा काहीतरी अडतंय.

टप्पा ७: कधी थांबायचं नाही

यातलं एक जरी दिसलं तरी अजून एक रात्र बघू असं म्हणू नका:

– जोर लावतेय, शेपटी उचलतेय, पण काही बाहेर येत नाहीये
– थोडी अंडी घातली, मग एक दिवस उलटून गेला तरी पोटावर अंड्यांचे उंचवटे दिसताहेत आणि ती अस्वस्थ आहे
– शरीर किंवा बोटं थरथरताहेत, मागचे पाय ओढतेय
– शेपटीखालच्या छिद्रातून रक्त, घाण वासाचा स्राव किंवा आतला भाग बाहेर आलेला
– सुस्त, डोळे मिटलेले, उकरणं अचानक बंद आणि अंडी आतच

नेताना उबदार डब्यात, खाली टॉवेल, अंधार करून न्या, आणि तुमची वही सोबत घ्या. व्हेट आधी पाणी, ऊब आणि कॅल्शियम भरून काढतात, मग पुढचं ठरतं. अंडी बाहेर ढकलायला कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिन या इंजेक्शनबद्दल लोकांची फार आशा असते, पण पाली-सरड्यांच्या गटात ते कासवांइतकं भरवशाने काम करत नाही, आणि अंडं वाकडं, मोठं किंवा चिकटलेलं असेल तर जोर लावून अंडवाहिनी फाटूही शकते. त्यामुळे व्हेट ऑपरेशन म्हणाले तर ते पैसे काढायला म्हणताहेत असं गृहीत धरू नका. घरी तेल लावणं, बोटाने ओढणं, सुईने अंडं फोडणं, यातलं काहीही करायचं नाही.

टप्पा ८: अंड्यांचं काय

नर नव्हताच तर अंडी टाकून द्यायची. ती बऱ्याचदा पिवळट, मऊ, खड्डे पडलेली असतात. नर होता आणि पिल्लं नको असतील तर त्याच दिवशी फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवून मग टाका. पिल्लं काढावीत का, तर माझं मत स्पष्ट नाही असंच आहे. तीस-चाळीस पिल्लं, प्रत्येक पुढे दीड मीटरच्या आसपास वाढणारं आणि नीट सांभाळलं तर १५-२० वर्षं जगणारं, एवढी घरं तुमच्या ओळखीत आहेत का ते आधी मोजा.

तरीही काढायचीच असतील तर अंडं जसं मातीत पडलंय तसंच उचला, वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा आणि ती खूण शेवटपर्यंत वरच ठेवा. कोंबडीच्या अंड्यासारखं फिरवायचं नाही, आतला गर्भ मरतो. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (पाणी धरून ठेवणारे हलके खनिजाचे दाणे) ठेवा, २९ ते ३१ अंश, साधारण तीन महिने.

टप्पा ९: नंतरचे आठवडे

पहिली गोष्ट पाणी. अंडी घातल्याच्याच दिवशी कोमट पाण्यात बसवा, माती धुतली जाते आणि ती पाणी पण पिते. मग बास्किंग आणि झोप. खाणं दुसऱ्या दिवसापासून समोर ठेवा, मऊ पानं, किसलेला भोपळा, जास्वंदीची फुलं, थोडं थोडं. एकदम ताट भरून नाही.

तीन-चार दिवसांत तिने खायला सुरुवात केली पाहिजे. आठवडा झाला आणि अजून तोंड फिरवतेय तर अंडं मागे राहिलंय, इन्फेक्शन आहे किंवा किडनी थकलीये, बघायला व्हेटच लागेल. एक्स-रेतला आकडा जुळला नसेल तर वाट न बघता परत एक्स-रे करून घ्या.

कॅल्शियम अंडी झाली म्हणून बंद करायचं नाही, हाडांमधून काढलेलं भरून यायला वेळ लागतो. वजन दर आठवड्याला घ्या, ते हळूहळू वर जायला हवं, पूर्ववत व्हायला एक-दोन महिने सहज जातात. कातडीच्या वळ्या भरत येतात, शेपटीचं मूळ गोल व्हायला लागतं. लवकर भरावं म्हणून परत तेच प्रोटीनचे प्रयोग नकोत. नर असेल तर तिचं वजन परत जागेवर आल्याशिवाय त्याला सोबत सोडू नका, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही नको.

पेटीतली माती फेकून द्या, पुढच्या वेळी नवी घ्या, पेटी धुऊन उन्हात वाळवा. अंडी घातल्याची तारीख कॅलेंडरवर टाका आणि पुढच्या वर्षी त्याच्या तीन महिने आधीची एक आठवण लावा. दरम्यान व्हेटशी अंडाशय काढायच्या ऑपरेशनबद्दल बोला. मादी तरुण, धष्टपुष्ट आणि अंड्यांच्या मोसमाबाहेर असताना केलेलं हे ऑपरेशन आणि अंडी अडकल्यावर अशक्त मादीवर करायला लागलेलं ऑपरेशन यात धोक्याचा खूप फरक असतो. वजन पूर्ववत झालं की तपासणीला न्या, तेव्हाच विचारून तारीख घ्या.